फावल्या वेळात : बर्फाखालचा लोटा



या सदरात आजवर मी गुडघेदुखी, साखर, गोळ्यांच्या वेळा, बिरडं सोलायची सोपी रीत असं बरंच काही लिहिलं. मासे पकडण्यावर लिहायची पाळी येईल असं मात्र वाटलं नव्हतं. आणि तेही कोकणातले नाहीत, किन्नेरेतले नाहीत, तर कॅनडात गोठलेल्या तळ्यावर स्टुलावर बसून पकडलेले.

माझी धाकटी बहीण टोरोंटोजवळ राहते. 2025 च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे होते. तिचा मुलगा दर हिवाळ्यात एकदा तरी लेक सिमकोवर जातो. टोरोंटोच्या उत्तरेला गाडीने तास-सव्वा तासाच्या वाटेवर हे तळं आहे. तळं म्हणायचं, पण आपल्या किन्नेरेतसारखी चार त्यात मावतील. खोली मात्र दोन्हींची साधारण सारखीच, चाळीस मीटरच्या आसपास. हिवाळ्यात ते गोठलं की त्यावर खोपट्यांचं एक गावच वसतं. लाकडाची, पत्र्याची, तंबूच्या कापडाची खोपटी. भाड्याने मिळतात. बर्फ वितळायच्या आत ती काढून न्यावी लागतात, तसा नियम आहे.

भाच्याने विचारलं, "मावशी, येतेस का? तुझ्याकडे परवाना नाही, तू नुसती बघत बस." मी म्हटलं, बघायला काय हरकत आहे, पण आधी सांग, बर्फ किती जाड आहे? चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला सवय असते, आधी आकडा विचारायची. भाचा हसला, पण उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. स्वच्छ, निळसर, घट्ट बर्फ असेल तर चालणाऱ्या माणसाला निदान चार इंच हवा, मोटारीला फूटभर तरी. पांढुरका, हिम मिसळलेला बर्फ असला तर त्याची ताकद निम्मीच धरायची. तिथे पोचल्यावर त्याने भोकात पट्टी घालून दाखवली, सोळा इंच भरला. खोपटी भाड्याने देणारा गृहस्थ म्हणाला की आदल्या हिवाळ्यात बर्फाने नीट धरलंच नव्हतं, धंदा बुडाला. ही गोष्ट आता तिकडे सारखी ऐकू येते.

खोपट्यात आम्ही चौघं. भाचा, त्याचा अकरा वर्षांचा मुलगा, माझी बहीण आणि मी. सूनबाई आली नाही. ती मॉन्ट्रियलची, जन्म बर्फात गेलेला, तिला सुट्टीच्या दिवशी पुन्हा बर्फ नको होता. "मासा आणलात तर साफ करून आणा," एवढंच तिने सांगितलं.

बर्फाला भोक पाडायचं यंत्र म्हणजे आपल्या सुताराचं गिरमिट, फक्त कमरेएवढं उंच आणि बॅटरीवर चालणारं. भोक साधारण जेवणाच्या ताटाएवढं. त्यात बर्फाचा चुरा तरंगतो, तो काढायला चक्क झारा असतो. भजी तळताना आपण काढतो तसाच चुरा काढायचा. गळाची काठी हातभर लांबीची, खेळण्यातली वाटावी अशी. आमिष म्हणून बोटाएवढी लहान मासळी. आत गॅसची शेगडी पेटवलेली. इथे माझ्यातली नर्स पुन्हा जागी झाली. खोपट्याची खिडकी दोन बोटं तरी उघडी हवी, असं मी ठणकावून सांगितलं. बंद जागेत शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, झापड आली तर थंडी बाधली असं समजून आत पांघरूण घेऊन बसू नका, आधी मोकळ्या हवेत या. हे कॅनडालाच लागू आहे असं नाही. आपल्याकडे हिवाळ्यात हीटर घेऊन दारं-खिडक्या गच्च लावणाऱ्यांनीही वाचावं.

बर्फ बोलतो, हे मला ठाऊक नव्हतं. गारठ्याने तो आकसतो, ताणतो आणि मग लांबून कण्हल्यासारखा आवाज येतो. कधी बंदूक झाडल्यासारखा. पहिल्या वेळी मी बहिणीचा हात धरला. पोरगा म्हणाला, "मावशीआजी, आवाज येतो म्हणजे बर्फ चांगला आहे." त्याचं मराठी इंग्रजीच्या चालीचं आहे, पण तो बोलतो, हेच पुष्कळ.

आणि वरती एवढी थंडी असताना खाली मासे जगतात कसे? शाळेत शिकलो होतो, विसरलो होतो. पाणी चार अंश सेल्सियसला सगळ्यांत जड असतं. ते तळाशी जाऊन बसतं. शून्य अंशाचं पाणी आणि बर्फ हलका, तो वर तरंगतो. म्हणजे बर्फ हे तळ्याचं पांघरूण. खाली चार अंशांत मासे सुखाने फिरत असतात. माझगावच्या शाळेत आमच्या बाईंनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि ते डोळ्यांनी बघायला मला पंचाहत्तरीच्या तोंडाशी यावं लागलं.

दुपारपर्यंत पर्च मिळाले. पिवळे, अंगावर हिरवट उभे पट्टे, वीतभर लांबीचे. दहा-बारा झाले. पण भाच्याला हवा होता व्हाइटफिश. त्याच्या सासरी गेफिल्टे फिशसाठी तो लागतो. म्हणून पोराचा गळ अगदी तळाशी सोडलेला. चार वाजून गेले, उजेड कलायला लागला, सामान आवरायचं बोलणं सुरू झालं, आणि पोराची काठी वाकली.

झटका बसला नाही. दगडाला अडकल्यासारखी काठी नुसती जड झाली. पोरगा ओरडला नाही, ओठ दाबून गरगर चाक फिरवत राहिला. भाचा म्हणाला, "व्हाइटफिश! मोठा आहे!" बहिणीने झारा घेऊन भोक साफ केलं. आणि वर आलं ते एक रुंद, चपटं, बेडकासारखं डोकं. हनुवटीच्या मधोमध एकच मिशी. मागून येत राहिलं ते लांबलचक, मऊ, पिवळट तपकिरी रंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं अंग. दोन-अडीच फुटांचा तरी असेल. भाच्याने तो धरला तर त्याने सापासारखा शेपटीचा वेढा त्याच्या मनगटाला घातला. बहीण स्टुलासकट मागे सरकली.

"वाम!" ती म्हणाली.

"वाम नाही, शिंगाळा," मी म्हटलं, कारण डोकं तसं होतं. खरं म्हणजे दोन्ही नव्हतं. शिंगाळ्याला काटे असतात, मिशा जास्त असतात. वामीला पोटाखाली पंख नसतात, याला गळ्याखाली दोन होते.

पोराच्या तोंडावर असा आनंद होता की सांगता सोय नाही. त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा मासा. आणि आम्ही तिघं मोठी माणसं त्या माशाकडे बघत गप्प.

या माशाला इंग्रजीत बर्बट म्हणतात. आपल्या कानाला ते बरबटलेला असंच ऐकू येतं, आणि तो आहेही बुळबुळीत. सिमकोवरचे लोक त्याला दुसऱ्याच एका नावाने हाक मारतात. ते नाव देवनागरीत लिहिलं तर संपादक कात्री लावतील, म्हणून लिहीत नाही. नर्सला लाज नसते, पण पत्रिका घराघरांत जाते. शास्त्रज्ञांनी दिलेलं नाव त्याहून गमतीचं, लोटा लोटा. एकदा नाही, दोनदा. पोराला मी लोटा म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तर तो हसून हसून लोळला.

हा कॉड माशाच्या जातकुळीतला. ही सगळी मंडळी समुद्रात राहते, हा एकटाच गोड्या पाण्यात येऊन कायमचा राहिलेला. आणि याची तऱ्हा उलटी. इतर मासे वसंताची वाट बघतात, हा भर हिवाळ्यात, बर्फाखाली, अंधारात अंडी घालतो. नर-माद्या एकमेकांत गुंतून त्यांचा गोळाच होतो, आणि एकेक मादी लाखांनी अंडी सोडते. उन्हाळ्यात तो खोल थंड पाण्यात पडून असतो. जागा होतो तो थंडीत आणि तिन्हीसांजेनंतर. म्हणजे आमच्या गळाला तो चार वाजल्यानंतर लागला यात नवल नव्हतं. नवल वाटलं ते आम्हाला, कारण आम्ही दुसऱ्याची वाट बघत होतो.

शेजारच्या खोपट्यातला दाढीवाला म्हातारा आवाज ऐकून आला. त्याचं घराणं फिनलंडचं. मासा बघून त्याचे डोळे चमकले. म्हणाला, दिसायला कुरूप आहे पण खायला याच्यासारखा नाही. इथले लोक याला गरिबाचा लॉबस्टर म्हणतात. मी आणि बहीण एकमेकींकडे बघायला लागलो. बिचाऱ्याला काय ठाऊक, की आमच्यापुढे ही शिफारस म्हणजे दुप्पट अडचण!

आता खरा प्रश्न. पंख आहेत, ते दिसत होते. खवले कुठे?

आपल्यात ही गोष्ट सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली आहे. दावीद रहाबी कोकणात आले, शनवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली कोण, असा त्यांना प्रश्न पडला, आणि पारख करायची म्हणून त्यांनी बायकांपुढे मासे ठेवले. बायकांनी पंख-खवल्यांचे एका बाजूला काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणून सांगितलं. यातला इतिहास किती आणि दंतकथा किती, ते विद्वानांनी ठरवावं. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जातं. बायकांनी तेव्हा पोथी उघडली नव्हती. मासा हातात घेतला होता.

माझी आई तशीच होती. भायखळ्याच्या बाजारात कोळीण तिला ओळखायची. मोरी, पाकट, वाम आईसमोर यायचीच नाही. "इस्रायली बाई, तुमच्यासाठी रावस ठेवलाय," असं म्हणायची. नवीन जातीचा मासा दिसला तर आई अंगठ्याचं नख शेपटीकडून डोक्याकडे उलटं फिरवायची. खवला निघाला तर पिशवीत, नाही तर पुढे. तोरात वायिक्राच्या अकराव्या अध्यायात पंख आणि खवले दोन्ही सांगितलेत, आणि रब्बी मंडळींनी पुढे स्पष्ट केलं की खवला कातडी न फाटता सुटा होणारा हवा. आईने हे वाचलं नव्हतं. तिच्या नखाला ते माहीत होतं.

मी ते नख उचललं ते वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी. इस्रायलला आल्यावर त्याचा फारसा उपयोग राहिला नाही. इथे दुकानात आमनून, बुरी, कार्प, सगळं शिक्का मारून मिळतं. किन्नेरेतच्या कोळ्यांना अजून ती नजर लागते, कारण त्या तळ्यात स्फामनून आहे, मिशांचा, बिनखवल्यांचा. पण तुम्हा-आम्हाला कुठे तो जाळ्यातून काढायचाय?

भाचा हळूच मला म्हणाला, "मावशी, राहू दे ना. पोराचा पहिला मासा आहे. एकदा खाल्ला तर काय होतंय? इथे कोण बघतंय?" आणि मोबाईलवर शोधून त्याने दाखवलंसुद्धा, की या माशाला खवले असतात. ही गोष्ट खोटी नाही. असतात, पण अगदी बारीक, कातडीत रुतलेले, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे. "बघ, आहेत!" तो म्हणाला. बहिणीने तोंड फिरवलं. माय-लेकांत या विषयावरून आधीच कुरबूर आहे, ती या मासळीच्या निमित्ताने बर्फावर उघडी पडायला लागली. "तुझ्या आजीने असा मासा घरात घेतला असता का?" असं ती म्हणाली, आणि भाच्याचा चेहरा कडक झाला. पोरगा दोघांकडे बघत होता. हसू मावळलेलं.

मला त्या घरात न्यायनिवाडा करायचा नव्हता. पाहुणी बाई मी. पण पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशीआजी, मी चूक केली का?"

"मासा गळाला लागतो, त्यात तुझी कसली चूक?" मी म्हटलं. "इकडे ये. आधी तो पर्च घे."

त्याचा हातमोजा काढायला लावला. पर्चवर नख उलटं फिरवायला सांगितलं. पर्चचे खवले खरखरीत असतात, कानशीवर बोट फिरवल्यासारखे, आणि घट्टही. दोन-तीनदा खरवडल्यावर एक सुटला. त्याला तो बोटावर धरून खिडकीच्या उजेडात बघायला लावला. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, त्यावरून माशाचं वय काढतात. हे ऐकल्यावर तो खवला त्याने खिशात ठेवला. मग म्हटलं, आता तुझा मासा.

त्याने शेपटीकडून डोक्याकडे नख नेलं. बुळबुळीत ओल लागली, बाकी काही नाही. दुसऱ्या बाजूने केलं. पाठीवर केलं, पोटावर केलं. त्याला मी काहीच सांगितलं नाही. भाचाही गप्प बसून बघत होता. शेवटी पोरगा म्हणाला, "याचं निघत नाही." आणि डोळे पुसायला लागला, कारण त्याचा अर्थ त्याला कळला होता.

कोणी म्हणेल, अकरा वर्षांच्या मुलाला एवढं कशाला? मला तसं वाटत नाही. रडू आलं ते आलं, पण निर्णय त्याच्या हाताने झाला, बापाच्या किंवा आजीच्या तोंडाने नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आपापल्या रब्बींना विचारावं. आमच्या खोपट्यात त्या दिवशी ते नख चाललं.

पुढचा प्रश्न, माशाचं करायचं काय. साठ फूट खोलातून वर ओढलेला मासा, त्याचं पोट फुगलेलं. परत सोडला तर जगेल याची खात्री नाही. पोराने स्वतःच दाढीवाल्या आजोबांना विचारलं, "तुम्हाला हवाय का?" आजोबांनी टोपी काढून त्याच्याशी हस्तांदोलन केलं, दोन मोठ्या माणसांत करतात तसं. मग माशाबरोबर पोराचा फोटो काढला, आणि जाताना आपल्या बादलीतला एक चांगला मोठा व्हाइटफिश आम्हाला दिला. म्हणजे सूनबाईच्या माहेरचं गेफिल्टेही साधलं. फिनलंडमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत या माशाचं दूध-बटाटे घालून सार करतात, त्यात त्याचं काळीजही घालतात, असं त्यांनी सांगितलं.

काळीज म्हटल्यावर मला एक सांगायलाच हवं. या माशाचं काळीज अंगाच्या मानाने फार मोठं असतं आणि त्यात ए आणि डी जीवनसत्त्व भरपूर. लहानपणी नाक दाबून घेतलेलं कॉड लिव्हर ऑईल आठवतं ना? तेच, पण त्याहून जोरदार. अमेरिकेत मिनेसोटात, लेक ऑफ द वूड्सच्या काठी रॉवेल नावाच्या एका कोळ्याने हा बिनकिमतीचा मासा आपल्या कोल्ह्यांच्या फार्मवर चारला, तर कोल्ह्यांची लोकर चमकायला लागली. त्याचा मुलगा औषधशास्त्र शिकलेला. त्याने 1930 च्या दशकात बॉडेट गावी या काळजाचं तेल काढून विकायचा कारखाना काढला, आणि त्यातून पुढे औषधांची कंपनी झाली. कोल्ह्याच्या अंगावरची चमक बघून ज्याला काळजाची आठवण झाली, तो चांगली नर्सही झाला असता.

सगळीकडे या माशाला असे दिवस आले नाहीत. इंग्लंडमध्ये तो पूर्वी नद्यांतून होता. 1969 मध्ये शेवटचा मिळाला, त्यानंतर नाही. अमेरिकेत आयडाहोच्या कूटनाय नदीवर वरच्या अंगाला धरण झालं, हिवाळ्यात नदीचं पाणी पूर्वीसारखं गार राहीना, आणि याला तर अंडी घालायला कडक गारठा लागतो. तो जवळजवळ संपला. तिथल्या कूटनाय जमातीच्या लोकांनी 2014 मध्ये उबवणी केंद्र काढून पिल्लं सोडली, आणि 2019 पासून तो पुन्हा पकडायला परवानगी मिळाली. थंडी कमी झाली म्हणून मरणारा जीवही असतो. आम्ही मुंबईत वाढलेल्यांना हे लवकर समजत नाही.

इस्रायलला परत आल्यावर माझ्या एका जुन्या मैत्रिणीला फोटो दाखवला. ही रशियातून 1991 साली आलेली, रात्रपाळीत माझ्याबरोबर बारा वर्षं काढलेली. फोटो बघताच ओरडली, "नालिम!" चेखवची याच नावाची एक गोष्ट आहे, नदीत मुळाखाली लपलेला नालिम काढायला एकामागून एक माणसं पाण्यात उतरतात, ती तिने मला फोनवर पुन्हा सबंध सांगितली. मग म्हणाली, "त्याचं काळीज खाल्लंस?" मी म्हटलं, नाही. "का?" मी कारण सांगितलं. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, माझ्या आजीने असं काही सांगितलं असेल, पण सांगायला तेव्हा कोणी धजत नव्हतं. मग आम्ही दोघींनी चहा घेतला.

राहिले पर्च. त्यांचे खवले काढणं म्हणजे शिक्षा आहे, हे आधीच सांगते. अंगणात उभं राहून, शेपटी कागदात धरून, चमचा उलटा चालवायचा. पोराने सहा साफ केले, बाकीचे बापाने. मायलेकांची बोलाचाली तोवर सुरू झाली होती, चमच्यावरून. पर्चचं मांस पांढरं आणि गोडसर, त्याला मसाला फार लावायचा नाही. हळद, मीठ, कोकमाचं पाणी चोळून ठेवलं. कोकम बहिणीने रेवदंड्याहून मागवलेलं. हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, आलं वाटून परतलं, त्यावर नारळाचं दूध घातलं, एक उकळी आल्यावर मासे सोडले. झाकण घालून आठ मिनिटं, ढवळायचं नाही, नाही तर तुकडे होतात. सूनबाई तीनदा भात घेऊन जेवली. इस्रायलमध्ये पर्च मिळत नाही, तर हेच आमनूनचं करून बघा, फक्त मिरची एक जास्त घाला.